अमेरिकेत टीए-आरए आहात? मग युनियनचं कार्ड भरा

ओसरी

ऑगस्टमध्ये नवीन बॅच अमेरिकेत पोचेल. घर, सिमकार्ड, बँक खातं, सोशल सिक्युरिटी नंबर या धावपळीत ओरिएंटेशनच्या दिवशी कुणीतरी तुमच्या हातात एक कार्ड देईल आणि म्हणेल, ग्रॅड वर्कर्स युनियनमध्ये या. आपली मुलं पुढे काय करतात ते मी बरीच वर्षं बघतोय. हसून कार्ड घेतात, बॅगेत टाकतात आणि नंतर बाजूला घेऊन विचारतात: दादा, व्हिसाला काही होणार नाही ना? गाईडला कळलं तर? आणि मुळात आपण शिकायला आलोय, आपण कामगार कुठे आहोत?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून हा धागा. मी एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना आधी टीए (टीचिंग असिस्टंट) आणि मग आरए (रिसर्च असिस्टंट) होतो, आमच्या विभागाचा युनियन स्टुअर्ड, म्हणजे सभासदांचा प्रतिनिधीही होतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्ड भरा, आणि पहिल्याच आठवड्यात भरा.

कामगार कुठे आहोत, या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. बहुतेकांच्या पत्रात ५० टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठवड्याला २० तास. त्या तासांत तुम्ही सेक्शन, म्हणजे लेक्चरला जोडलेले छोटे वर्ग घेता, लॅब घेता, पेपर तपासता, किंवा गाईडने ग्रँट मिळवताना जे संशोधन कबूल केलंय ते करून देता. पगारातून कर कापला जातो, वर्ष संपल्यावर डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा फॉर्म येतो. ही नोकरी आहे. तुम्ही विद्यार्थी आहात हेही तितकंच खरं, पण त्यामुळे नोकरी खोटी ठरत नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या टीए मंडळींनी हे १९६६ मध्येच ओळखून संघटना काढली आणि १९७० च्या संपानंतर पहिला करार मिळवला. सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. खाजगी विद्यापीठांबाबत एनएलआरबी, म्हणजे केंद्राचं कामगार संबंध मंडळ ठरवतं, आणि त्या मंडळाने आजवर अनेकदा बाजू बदलली आहे. २००० मध्ये न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात टीए कर्मचारी ठरले, २००४ मध्ये ब्राऊनच्या प्रकरणात ठरले नाहीत, २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा ठरले.

आता माझ्या लेखी सर्वात महत्त्वाची गोष्ट. इतर नोकरीत साहेब वाईट निघाला तर माणूस दुसरी नोकरी बघतो. आपल्या बाबतीत पगार, फी-माफी, आरोग्यविमा, पदवी, शिफारसपत्र आणि त्यावर अवलंबून असलेलं एफ-१ (विद्यार्थी व्हिसाचं) स्टेटस, या सगळ्या किल्ल्या जवळजवळ एकाच माणसाकडे असतात. गाईड चांगला असेल तर काही जाणवत नाही. माझे खरोखर चांगले होते. पण ती त्यांची मर्जी होती, आणि मर्जी कुठे लिहून ठेवलेली नसते. गाईड दुसऱ्या विद्यापीठात गेले, ग्रँट संपली, विभागप्रमुख बदलले, की ती गेलीच. त्याच लॅबमध्ये दोन वर्षांनी आलेल्या मुलाला वेगळाच अनुभव येतो. मर्जीवर चाललेल्या गोष्टी करारात आणणं हे युनियनचं काम आहे. करार सगळ्यांना सारखा लागू होतो, आणि तो मोडला तर तक्रार करण्याची पायरी-पायरीची पद्धत असते, शेवटी लवादापर्यंत जाता येतं.

एक उदाहरण देतो. मिडटर्मचे १२० पेपर गुरुवारी संध्याकाळी हातात येतात आणि ग्रेड सोमवारी सकाळी हव्या असतात. एका पेपरला १५ मिनिटं धरली तरी ३० तास झाले, शिवाय त्या आठवड्याचे सेक्शन आणि ऑफिस अवर्स आहेतच. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. मग आपला विद्यार्थी रात्र जागून पेपर संपवतो आणि कुणाला सांगत नाही, कारण खरे तास सांगितले तर नियम आपणच मोडला असं होईल ही धास्ती. अमेरिकन टीए निदान तक्रार तरी करतो. आपला तेवढीही करत नाही.

आमच्या करारानुसार सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येक टीएला कामाच्या तासांचं पत्रक मिळायचं. लेक्चरला बसण्याचे इतके तास, सेक्शनचे इतके, तपासणीचे इतके, खाली प्राध्यापकांची सही. आमच्याकडच्या एका मुलीवर असाच ढीग येऊन पडला तेव्हा आम्ही दोघं ते पत्रक घेऊन प्राध्यापकांना भेटलो. कुणाचा आवाज चढला नाही. त्यांनी तपासणीसमोरचा आकडा वाचला, गठ्ठा हातात घेऊन चाळला, कागदावरच गुणाकार केला आणि विभागाला फोन लावला. निम्मे पेपर दुसऱ्या ग्रेडरकडे गेले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. तो हिशेब करायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

पगाराचं सांगायचं तर १४ नोव्हेंबर २०२२ ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर मिळून ४८,००० जण संपावर गेले. टीए, आरए, पोस्टडॉक, संशोधक, सगळे. ग्रॅड विद्यार्थ्यांचा संप सुमारे सहा आठवडे चालला. टीएंचा किमान पगार वर्षाला साधारण २३,००० डॉलर होता, तो नव्या करारात टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३४,००० वर आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोत ३६,५०० वर नेण्याचं ठरलं. जॉन्स हॉपकिन्सच्या पहिल्या करारात पीएचडीचा किमान स्टायपेंड ४७,००० झाला. बॉस्टन युनिव्हर्सिटीत २०२४ मध्ये जवळपास सात महिने संप चालला, तेव्हा ४५,००० मिळाले. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात आपली मुलं मोठ्या संख्येने आहेत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारत पहिल्या क्रमांकावर गेला, ३,३१,६०२ जण, आणि त्यातले बहुसंख्य ग्रॅड स्कूलमधलेच.

वर्गणीचा प्रश्न येतोच. यूएडब्ल्यूशी (युनायटेड ऑटो वर्कर्स या मोठ्या राष्ट्रीय युनियनशी) जोडलेल्या बहुतेक युनियन पगाराच्या १.४४ टक्के घेतात, आणि पहिला करार मतदानाने मंजूर होईपर्यंत काहीच घेत नाहीत. ३५,००० पगारावर हे महिन्याला ४२ डॉलर होतात. विद्यार्थ्याला ४२ डॉलर कमी नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही द्या.

प्रश्न विचारा, माहीत असेल तेवढं सांगतो. जाणकारांनी भर घालावी.


कवडसा

+१. वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न: माझा स्टायपेंड बाहेरच्या फेलोशिपमधून येतो, टीए-आरए नाही. मग मी यात बसते का?


ओसरी

कवडसा, हे विद्यापीठागणिक वेगळं आहे. एमआयटीत २०२२ च्या एप्रिलमध्ये युनियन निवडून आली, पण फेलोशिपवर असलेल्यांना कर्मचारी मानायला एनएलआरबीच्या प्रादेशिक कार्यालयाने २०२३ मध्ये नकार दिला. म्हणजे एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी बसून तेच काम करणारे दोघे, एक करारात आणि एक बाहेर. मला हे अन्यायाचं वाटतं. पण तुमची फेलोशिप संपल्यावर तुम्ही बहुधा टीए किंवा आरए व्हाल, तेव्हा आतापासून बैठकांना जायला लागा.


रानवाट

लेख कळकळीने लिहिलाय, पण दुसरी बाजूही यायला हवी. मी कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत आहे, पीएचडी संपत आलीय.

लॅबचे पैसे ठरलेल्या ग्रँटमधून येतात. स्टायपेंड वाढला म्हणून ग्रँट वाढत नाही. आमच्या गाईडने या वर्षी दोनऐवजी एकच विद्यार्थी घेतला. तुम्ही बॉस्टन युनिव्हर्सिटीचं नाव घेतलंत. तिथे करार झाल्यावर महिन्याभरातच मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांच्या डझनभर पीएचडी कार्यक्रमांचे पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवले, आणि डीन मंडळींनी कारणांमध्ये कराराचा वाढलेला खर्च सांगितला होता. जे आत आहेत त्यांचं भलं झालं, पण जे भारतात बसून अर्ज करत होते त्यांचं काय?

दुसरं, गाईडशी माझं नातं गुरु-शिष्याचं आहे. त्यात करार, तक्रार, लवाद आणले की ते नातं ऑफिसासारखं होतं. मला ते नकोय.


ओसरी

रानवाट, प्रवेश थांबल्याची बाब खरी आहे आणि ती मला टोचते. ती लपवून कुणाला कार्ड भरायला सांगू नये. फक्त तो निर्णय कुणी घेतला ते बघा. पैसा कुठे खर्च करायचा आणि कुठे तोडायचा हे प्रशासन ठरवतं, युनियनला त्या टेबलावर जागा नसते. आणि ज्या शहरात एका खोलीचं भाडंच पगाराचा मोठा हिस्सा खातं, तिथे २५,००० वर जास्त विद्यार्थी घ्यायचे म्हणजे ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच पीएचडी परवडणार. अर्ज करणाऱ्यांत गरीब घरची मुलंही असतात. त्यांना प्रवेश मिळून उपयोग काय, जर तिथे राहताच येणार नसेल?

ग्रँटबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. एनआयएच आणि एनएसएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्रीय संस्थांकडून प्रति विद्यार्थी जास्त रक्कम यायला हवी. ही मागणी युनियन करतातच, आणि ती गाईड मंडळींच्याही फायद्याची आहे.

गुरु-शिष्य नात्याबद्दल एवढंच म्हणतो, तुमच्या गाईडने तुम्हाला सुट्टी दिली तर ती तुम्ही उपकार म्हणून घेता. करारात रजा लिहिलेली असेल तर ती मागताना मान खाली घालावी लागत नाही. नातं त्यामुळे बिघडलेलं मी पाहिलं नाही. उलट पैशाचं आणि तासांचं बोलणं त्या दोघांमधून निघून गेलं की संशोधनावर मोकळेपणी बोलता येतं.


रानवाट

रजेचा मुद्दा पटला. प्रवेशांचा नाही. तिथे आपलं मत वेगळं राहू दे.


सुगी

मी सहसा वाचनमात्र असते, पण यावर लिहायलाच हवं.

मी पीएचडीला, नवरा एफ-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. एफ-२ वर त्याला नोकरी करता येत नाही, म्हणजे घर माझ्या एकटीच्या स्टायपेंडवर. माझा विमा विद्यापीठ भरायचं, पण नवऱ्याचा आणि बाळाचा आम्ही. तो हप्ता भरल्यावर काही महिने भाड्याला हात आखडायचा. बाळ झालं तेव्हा आमच्याकडे युनियन नव्हती. किती सुट्टी मिळेल असं विभागात विचारलं, तर उत्तर आलं, 'तुमच्या ॲडव्हायझरशी बोलून ठरवा.' ठरवायचं काय? मी टाके ओले असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन असाइनमेंट तपासल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी नको असंही म्हटलं नव्हतं.

नंतर आमच्याकडे युनियन आली. पहिल्या करारात सशुल्क बाळंतपणाची रजा, कुटुंबाच्या विम्यासाठी मदतीचा निधी आणि पाळणाघराच्या खर्चातला वाटा आला. माझं बाळ तोवर चालायला लागलं होतं, मला त्यातली रजा काही मिळाली नाही. पण माझ्यानंतर आमच्या विभागात ज्या दोघींना मुलं झाली त्यांनी ती घेतली, आणि कुणालाही विचारायला जावं लागलं नाही. कॅलेंडरवर तारखा टाकल्या आणि गेल्या.

मुलींनो, लग्न-मूल अजून लांब आहे म्हणून हे सोडून देऊ नका. पीएचडीची वर्षं नेमकी त्याच वयात येतात.


कवडसा

सुगीताई, वाचून गलबलून आलं. लिहिल्याबद्दल आभार.


बंदर

मी या धाग्यावर वयाने मोठा असेन. मुलगा तिकडे पीएचडी करतो, त्याच्याकडे अशी युनियन आहे असं तो म्हणाला म्हणून शोधत इथे आलो.

मी लालबागमध्ये वाढलो. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख लोक बाहेर. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. आमच्या चाळीत काय काय झालं ते मी सांगत बसत नाही. संप हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी मागण्या चुकीच्या केल्या असं मी आजही म्हणत नाही. पण तुम्ही मुलं परक्या देशात आहात. मालकाने दार बंद केलं तर तुमच्या मागे कोण आहे? माझ्या मुलाने वर्गणी भरावी, हरकत नाही, पण संपात जाऊ नये असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.


ओसरी

काका, तुम्ही जे पाहिलंय त्यापुढे माझा अनुभव लहान आहे, आणि तुमची काळजी चुकीची नाही. टेम्पल विद्यापीठात २०२३ च्या जानेवारीअखेर संप झाला तेव्हा प्रशासनाने संपकऱ्यांची फी-माफी काढून घेतली आणि विमाही बंद केला. मुलांच्या खात्यावर हजारो डॉलरची फी दिसायला लागली. मिशिगनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाला कायद्याने बंदी आहे, तिथे २०२३ मध्ये मुलं संपावर गेली आणि पगार थांबले. म्हणजे दार बंद होतं, हे खरं.

दोन फरक मात्र आहेत. गिरणीमालकांना गिरणी बंद ठेवणं परवडत होतं, कारण खालची जमीन सोन्याची होती. विद्यापीठाला वर्ग बंद ठेवता येत नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी ग्रेड लागल्या नाहीत तर हजारो अंडरग्रॅड अडकतात आणि त्यांचे फी भरणारे पालक फोन करतात. म्हणून बरेच संप ग्रेडच्या तोंडावर होतात आणि तिथेच सुटतात. टेम्पलचा संप मार्चमध्ये करार होऊन सुटला. दुसरं, संपाला सभासदांच्या गुप्त मतदानाची मंजुरी लागते आणि मोठ्या राष्ट्रीय युनियनकडे संपनिधी असतो. यूएडब्ल्यू कॅलिफोर्नियाच्या संपात आठवड्याला ४०० डॉलर देत होती, २०२३ मध्ये ते ५०० केले.

आणि बहुतेक करार संपाशिवाय होतात. सभासद जितके जास्त, तितकी संपाची वेळ कमी येते, कारण समोरच्याला आधीच कळतं की ही मंडळी उठली तर सगळी उठतील. तुमच्या मुलाने सभासद व्हावं यासाठी मला हेच कारण सगळ्यात मोठं वाटतं. संपात जायचं की नाही हे त्याने त्या वेळी, त्याच्या परिस्थितीनुसार ठरवावं.


माळरान

काकांना नमस्कार. त्याच गिरणगावाचा आणखी एक धागा जोडतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं म्हणून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आपण आज शनिवारी 'उद्या रविवार' म्हणतो त्यामागे त्या लोकांची सहा वर्षांची मागणी आहे. हरलेला संप जितका लक्षात ठेवतो तितकंच हेही ठेवावं.

माझा प्रश्न ओसरींना. मी टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठात आहे. इथे राज्य कर्मचाऱ्यांना सामूहिक करार करण्याचा हक्कच नाही. मग काय उपयोग?


पाणवठा

माळरान, याचं उत्तर मी देतो. करार नसला तरी संघटना असू शकते. टेक्सासमध्ये टीएसईयू ही राज्य कर्मचाऱ्यांची युनियन आहे, नॉर्थ कॅरोलायनात यूई १५० ही सरकारी कामगारांची युनियन आहे, दोन्हीकडे करार करायला बंदी असताना. विस्कॉन्सिनने २०११ च्या ॲक्ट १० या कायद्यानंतर वाटाघाटीचा हक्क जवळपास काढूनच घेतला, पण मॅडिसनची ती १९६६ ची संघटना आजही आहे. करार नसलेल्या ठिकाणी ही मंडळी सह्या गोळा करतात, राज्याच्या विधिमंडळात जातात, फी आणि पगाराच्या तारखांवर प्रशासनाला जाब विचारतात. काम हळू होतं, पण होतं. २०१७ मध्ये करसुधारणेच्या विधेयकाच्या हाउसच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) मसुद्यात फी-माफीची रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायचं कलम होतं. हातात २५,००० येणाऱ्या मुलाला ६०,०००-७०,००० वर कर भरावा लागला असता. देशभर ग्रॅड विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, करार असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही, आणि अंतिम कायद्यातून ते कलम वगळलं गेलं.

मी आमच्या वाटाघाटी समितीत होतो, त्याबद्दल थोडं लिहितो, कारण बाहेरून लोकांना वाटतं की तिथे टेबलावर मुठी आपटतात. खोलीत एका बाजूला आम्ही, केमिस्ट्री, इतिहास, सिव्हिल, संगीत अशा सगळ्या विभागांचे. समोर विद्यापीठाचे वकील आणि एचआरवाले. एकेका कलमावर तासन्‌तास. 'शक्यतो' काढून 'बंधनकारक' घालायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. ते 'दोन्ही बाजू वेगळ्या बसूया' म्हणून बाहेर जात आणि आम्ही त्या वेळात पेपर तपासत बसायचो, कारण सोमवारी ग्रेड द्यायच्याच असत.

एक दिवस मला अजून लख्ख आठवतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या कलमावर चर्चा होती. व्हिसाच्या मुलाखतीला मायदेशी गेलेला विद्यार्थी प्रशासकीय तपासणीत अडकला तर त्याची नेमणूक जाऊ नये, दूरस्थ काम देता येईल तिथे द्यावं, अशी आमची मागणी. समोरून उत्तर आलं की असे प्रसंग फार क्वचित येतात. आमच्या बाजूला त्या दिवशी बैठक बघायला आलेले सभासद बसले होते. एक बाई उठल्या, म्हणाल्या, माझं असं झालं. मग आणखी एक जण उठला. मग मागच्या रांगेतले. वकिलांनी वही बंद करून ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच त्या कलमाचा मसुदा आणला. आमची आकडेवारी त्यांनी आधी दोनदा नाकारली होती. समोर माणसं उभी राहिल्यावर नाकारता येईना. सभासद म्हणून फक्त वर्गणी भरू नका, अशा बैठकांना येऊन बसा.

सगळं मिळतं असं नाही. कॅलिफोर्नियात परदेशी विद्यार्थ्यांना राज्याचे रहिवासी कधीच होता येत नाही, म्हणून वर्षाला १५,१०२ डॉलरची जादा फी लागते. ती पूर्ण रद्द व्हावी ही २०२२ च्या संपातली एक मागणी होती. ती पूर्ण मान्य झाली नाही. आपल्या लोकांच्या मागण्या शेवटच्या रात्री सोडल्या जाऊ नयेत असं वाटत असेल, तर समितीत आपले लोक हवेत.


माळरान

धन्यवाद, पाणवठा. टीएसईयूच्या पुढच्या बैठकीला जातो.


जुईचावेल

ओसरीदादा, मी याच ऑगस्टमध्ये येतेय, खाजगी विद्यापीठात. तिथे अजून युनियन नाही पण कार्ड गोळा करणं सुरू आहे असं कळलं. व्हिसाचं नीट सांगाल का? घरी सगळे घाबरले आहेत. २०२५ मध्ये सेविसच्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतल्या) नोंदी बंद झाल्याच्या बातम्यांपासून आई रोज विचारते.


ओसरी

जुई, घरच्यांना हे वाचून दाखव.

एफ-१ स्टेटस टिकतं ते पूर्णवेळ नोंदणी, अभ्यासातली प्रगती आणि कामाच्या तासांची मर्यादा पाळल्याने. युनियनचं सभासद होणं, कार्ड भरणं, मत देणं, वर्गणी भरणं याने त्यातलं काहीही मोडत नाही. संघटित होण्याचा हक्क राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे आणि तो नागरिकांपुरता नाही. युनियनमुळे व्हिसावर गदा येईल अशी धमकी मालकाने देणं बेकायदा आहे, आणि कुणी तसं सुचवलं तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवून युनियनला कळव.

२०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जुन्या किरकोळ पोलीस नोंदींवरून होत्या. न्यायालयात दावे गेले आणि एप्रिलअखेर सरकारने त्या पूर्ववत केल्या. भीती खरी होती, ती मी हसण्यावारी नेणार नाही. अशा वेळी रात्री अकराला फोन कुणाला करायचा हे ज्यांच्याकडे ठरलेलं होतं, त्यांची त्यातल्या त्यात बरी सोय झाली. बऱ्याच युनियननी इमिग्रेशन वकिलांची मदत मिळवून दिली आहे, आणि काही करारांत त्यासाठी निधीही आहे.

संपाच्या बाबतीत मात्र वकिलाला विचारूनच पाऊल उचल. पगाराचं काम थांबवताना नोंदणी आणि क्रेडिट चालू ठेवायचे असतात, आणि सायन्समध्ये पगाराचं संशोधन कुठे संपतं आणि स्वतःच्या थिसिसचं कुठे सुरू होतं ही रेघ पुसट असते. ती आधी वकिलाबरोबर बसून आखून घ्यावी.


जुईचावेल

आणि कार्ड भरलं तर गाईडला कळेल का? अजून त्यांना भेटलेही नाहीये.


ओसरी

नाही. ३० टक्के लोकांची कार्डं जमली की निवडणुकीसाठी अर्ज करता येतो. ती कार्डं एनएलआरबीकडे जातात, विद्यापीठाला दाखवली जात नाहीत. निवडणुकीचं मतदान गुप्त असतं. पुढे करार होऊन वर्गणी पगारातून कापायला तू संमती दिलीस तर पेरोलवाल्यांना कळेल, गाईडला कळवायचं कुणालाच कारण नाही.

कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे लिही, विभाग आणि तारीख घाल, सही विसरू नको. सही किंवा तारीख नसलेली कार्डं मोजणीत बाद होतात, आमच्याकडे अशी कितीतरी परत भरून घ्यावी लागली होती.